गिटारचा फ्रेटबोर्ड पाठ करायचा की कानाने शोधायचा?

सहावी_तार

नमस्कार मंडळी,

गिटारवर इथे धागे भरपूर आहेत पण सगळे कॉर्ड, स्ट्रमिंग आणि 'पाच हजारात कोणती गिटार घेऊ' यावरच. फ्रेटबोर्डवर, म्हणजे मानेवर जिथे बोटं दाबतो तिथे, कुठे काय आहे हे डोक्यात कसं बसवायचं हा प्रश्न आला की उत्तर ठरलेलं, चार्टची प्रिंट काढ, भिंतीवर चिकटव, पाठ कर. माझं म्हणणं असं की ज्यांच्या घरात एखादी पेटी होती किंवा वाड्यात कुणाच्या तरी गाण्याच्या क्लासमधून संध्याकाळी पलटे ऐकू यायचे त्यांनी या चार्टच्या नादी आधी लागूच नये. सरगम कानात आधीच बसलेली असते, ती तारेवर उतरवायची, ए बी सी डीची नावं मागाहून चिकटवता येतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. मोबाईलवर कुठलंही फुकटातलं तानपुरा अ‍ॅप घ्या, पांढरी पाचला लावा. गिटार ट्यूनरवर नेहमीसारखी लावलेली पाहिजे, जाडीपासून बारकीपर्यंत ई ए डी जी बी ई. तारांचे नंबर मात्र बारकीपासून मोजतात. तिसरी तार, म्हणजे जी, मोकळी छेडा. हा तुमचा सा. आता तानपुरा चालू ठेवून तोंडाने सा म्हणा, मग प म्हणा, आणि प गळ्यात स्थिर झाल्यावरच बोट त्याच तारेवर फिरवून तो शोधा. सातव्या पट्टीवर (फ्रेटवर) सापडेल. आता रे, आधी गळ्यात मग बोटात. दुसऱ्या पट्टीवर. ग चौथ्या, ध नवव्या, वरचा सा बाराव्या. झाला एका तारेवर भूप. नियम एकच, बोटाने आधी वाजवून 'हा कुठला बरं' असं विचारायचं नाही. गाऊन मगच शोधायचं. उलटं केलं की बोटं आकडे पाठ करतात आणि कान झोपा काढतो.

म मधे पाचव्यावर, तीव्र म सहाव्यावर, शुद्ध नी अकराव्यावर, हे सगळं ओघाने येतंच. बारा पट्ट्यांत बारा स्वर, पेटीसारखंच, फक्त काळं पांढरं दिसत नाही म्हणून लोक घाबरतात.

आता गंमत. तानपुरा पांढरी पाचलाच ठेवून सहाही तारा मोकळ्या एकेक करून छेडा, जाडीपासून बारकीपर्यंत. ध, रे, प, सा, ग, ध. बघा, भूपाबाहेरचा एकही स्वर नाही! गिटार जन्मतःच भूपात लावलेली आहे असं म्हटलं तर शास्त्रीयवाले मारतील पण स्वर तेच आहेत हे खरं. आता गिटारला हात न लावता फक्त अ‍ॅपवरचा तानपुरा पांढरी सातवर न्या, म्हणजे बीला सा माना, आणि त्याच मोकळ्या तारा परत छेडा. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. मालकंस! डीला सा केला तर दुर्गा, एला केला तर मधमाद सारंग, ईला केला तर धानी. असा सा बदलण्याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात, आणि गिटारवाले जे पेंटाटोनिकचे (पाच स्वरांच्या सरगमचे) पाच बॉक्स म्हणून वर्षभर घोकतात ते म्हणजे हेच पाच स्वर मानेवर पाच जागी, दरवेळी वेगळ्या स्वरापासून सुरू केलेले. बॉक्स डोळ्याने घोकलात तर पाच वेगवेगळ्या नक्षी लक्षात ठेवाव्या लागतात, कानाने शिकलात तर एकच भूप पाच ठिकाणी बसून ऐकायचा.

कोणी असं करून बघितलंय का? अनुभव लिहा. विरोधी मतांचंही स्वागत, पण चार्ट चिकटवू नका कृपया.

नवशिक्या_नाशिक

जबरी धागा, वाचनखूण साठवली. दोन बाळबोध प्रश्न. एक, पांढरी पाच म्हणजे जी हे कसं ठरवलं? दोन, माझा आवाज तिसऱ्या तारेच्या सा ला पोचतो पण वरचे स्वर ओरडून म्हणावे लागतात, घरचे हाकलून देतील.

सहावी_तार

@नवशिक्या, पेटीवर सी म्हणजे पांढरी एक, डी दोन, ई तीन, एफ चार, जी पाच, ए सहा, बी सात. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, मग एफ शार्प तीन, जी शार्प चार, ए शार्प पाच. पांढरी तीन आणि चारच्या मधे काळी नसते, सात आणि पुढच्या एकच्या मधेही नसते. तेच गिटारवर, ई ते एफ आणि बी ते सी लागून लागून पट्ट्या, बाकी सगळीकडे एक सोडून. ज्याला पेटीचं चित्र डोळ्यासमोर येतं त्याला नावं पाठ करायला एवढं पुरे.

आवाजाचं म्हणाल तर खालच्या सप्तकात म्हणा. पुरुषांचा आवाज बहुतेक वेळा तारेच्या एक सप्तक खालीच बसतो, त्याने काही बिघडत नाही, प तो पच राहतो. खर्जात गुणगुणलात तरी चालेल. जोरात गायची गरज नाही, स्वर नेमका लागला पाहिजे एवढंच.

मडगांवकार

चांगलं लिहिलंय पण जरा थांबा. आमच्या गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरं सोल्फेज (डो रे मी गाणं) आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) शिकत मोठी झाली, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात इतके गोवेकर वाजवायचे ते यामुळेच, समोर कागद ठेवला की वाजवून मोकळे. तिथे 'माझा सा तिसऱ्या तारेवर' म्हणून चालत नाही. बँडमधे ब्रास सेक्शनवाला म्हणतो बी फ्लॅटमधे करूया, तेव्हा तुम्ही सा शोधत बसणार काय? सहाव्या आणि पाचव्या तारेवरची नावं तरी पहिल्या महिन्यात तोंडपाठ पाहिजेत. सहावीवर एक एफ, तीन जी, पाच ए, सात बी, आठ सी, दहा डी. पाचवीवर दोन बी, तीन सी, पाच डी, सात ई, आठ एफ, दहा जी. बस्स. बाकीचं ऑक्टेव्हने, म्हणजे तोच स्वर एक सप्तक वर शोधून, काढता येतं. सहावीवरचा स्वर चौथीवर दोन पट्ट्या पुढे, पाचवीवरचा तिसरीवर दोन पुढे, चौथीवरचा दुसरीवर तीन पुढे, तिसरीवरचा पहिलीवर तीन पुढे.

आणि खालच्या सप्तकात गायचं ते बरोबर सांगितलं. गिटारचं नोटेशनसुद्धा खऱ्या आवाजापेक्षा एक ऑक्टेव्ह वर लिहितात, बऱ्याच वाजवणाऱ्यांना हे माहीतच नसतं.

सहावी_तार

@मडगांवकार, अनुमोदन, नावं लागतातच. भांडण क्रमाचं आहे. तुम्ही जे दोन आणि तीन पट्ट्यांचं गणित सांगितलं ते कानाने केलं तर विसरता येत नाही. सा वाजवा, वरचा सा म्हणा, शोधा. चौथी ते दुसरी करताना बोट सवयीने दोन पट्ट्या पुढे जातं आणि तिथे शुद्ध नी वाजतो, इतका टोचतो की हात आपोआप एक पट्टी पुढे सरकतो. तीन पट्ट्या हे उत्तर कानाने दिलं, चार्टने नाही.

बेसवाला

आम्हा बेसवाल्यांना ही भानगडच नाही, ई ए डी जी, सगळीकडे म म म. तुमच्या गिटारला मधेच एक ग घुसवून ठेवलाय कुणीतरी. हलके घ्या.

नवशिक्या_नाशिक

बेसवाला दादा जरा उलगडून सांगा ना, म म म म्हणजे?

बेसवाला

सोप्पंय रे. कुठल्याही तारेवर कुठल्याही पट्टीवर सा धर. त्याच पट्टीवर खालची बारकी तार वाजव. म येतो. त्याच्या पुढची, परत तिथून म. गिटारवर सहावी ते तिसरी असंच. तिसरीवरून दुसरीवर आलास की म च्या जागी ग येतो, आणि दुसरीवरून पहिलीवर परत म. ट्यून करताना सगळ्या तारा पाचव्या पट्टीला जुळवतो आणि एकच चौथ्याला, ते कशामुळे वाटलं तुला? उलट दिशेने जाडीकडे गेलास तर सा च्या खाली मंद्र प येतो, फक्त दुसरीवरून तिसरीवर जाताना कोमल ध येतो. हे डोळे मिटून एकेक तार वाजवत, तोंडाने सा म सा म करत दहा पंधरा मिनिटं रोज कर, दुसरी तार तुला परत कधी फसवणार नाही.

अवांतर, स्टॅनली जॉर्डन नावाचा जॅझवाला तर वैतागून सगळी गिटारच म म म मधे लावतो, ई ए डी जी सी एफ. पण मग नेहमीचे मोकळे कॉर्ड हातातून जातात, सो आपण गरीबांनी ग सहन करावा.

षड्जपंचम

लेख वाचला. दोन हरकती आहेत, रागवू नका.

पहिली. मोकळ्या तारा छेडल्या की भूप होत नाही. तेच पाच स्वर देशकार रागालाही आहेत, भूपाचा वादी (मुख्य स्वर) ग, देशकाराचा ध, चलन वेगळं, न्यास (थांबण्याच्या जागा) वेगळे. तुम्ही जे ऐकता ती स्वरांची रास आहे, राग नाही. नवीन मुलांनी मालकंस वाजवला म्हणून बाहेर सांगितलं तर पंचाईत होईल.

दुसरी जास्त महत्त्वाची. तानपुरा लावून चौथ्या पट्टीवर ग शोधायला सांगताय, पण तो ग तानपुऱ्याशी जुळणारच नाही. तानपुऱ्याच्या सा च्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ सेंटचा (एक पट्टी म्हणजे शंभर सेंट), गिटारचा ४०० सेंटचा. चौदा सेंट म्हणजे कानाला चांगलेच बोचतात. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, त्यामागे पेटीचे स्वर ठोकळेबाज आहेत हा आक्षेप होताच. मग ज्या मुलाचा कान घडवायचा त्याला रोज चढा गंधार कशाला ऐकवायचा?

सहावी_तार

पहिली हरकत एकदम मान्य, 'भूपाचे स्वर' असं वाचावं.

दुसरीवर मात्र बोलतो, कारण हे मोजपट्टी घेऊन बघता येतं. क्लासिकल गिटारची तार नट (मानेच्या डोक्याकडचं टोक) ते ब्रिज (खोक्यावरचं टोक) साधारण ६५० मिमी असते. बारावी पट्टी बरोबर अर्ध्यात, ३२५ वर. नैसर्गिक प साठी तार एक तृतीयांशावर धरावी लागते, म्हणजे नटपासून २१६.७ मिमी, आणि सातवी पट्टी आहे २१६.२ वर. अर्धा मिलिमीटर, कोण भांडतंय! पण नैसर्गिक ग येतो पाचव्या हिश्श्यावर, १३० मिमीला, आणि चौथी पट्टी बसवलीय १३४ वर. चार मिमी ब्रिजकडे सरकलेली, म्हणून ग चढा. आणि पट्टीच्या वाद्यावर दाबून स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही, त्यामुळे यावर इलाज नाही हेही खरं.

पण माझ्या मते हाच तर फायदा आहे. पोरगं तोंडाने तानपुऱ्याशी जुळवून ग म्हणतं, मग चौथी पट्टी दाबतं आणि म्हणतं 'जवळ आहे पण नाही'. ज्याला हे ऐकू आलं त्याचा कान घडलाच की. ज्याला ऐकू येत नाही त्याला चौदा सेंटाने नुकसानही होत नाही.

षड्जपंचम

युक्तिवाद चतुर आहे. :) तरी मी म्हणेन गळ्याला प्रमाण माना, पट्टीला नको. आणि ज्याला फारच खटकतं त्याने स्लाइड (तारेवर सरकवायची नळी) घ्यावी. ब्रिजभूषण काब्रा स्लाइड गिटारवर राग वाजवत, विश्वमोहन भट्ट मोहनवीणेवर वाजवतात, पट्टीची कटकटच नाही.

न्यूजर्सीची_मावशी

माझा मुलगा इथे रॉकस्कूलच्या ग्रेडची (गिटारच्या परीक्षेची) तयारी करतोय, त्यात इअर टेस्ट असते. वाजवणं छान आहे पण इअर टेस्ट आली की रडकुंडीला येतो. घरी मी थोडंफार पेटीवर शिकलेली आहे, पण टीचर इंटरव्हलची (दोन स्वरांतल्या अंतराची) इंग्रजी नावं शिकवतो आणि मी सारेगम म्हणते, त्याचा गोंधळ होईल का?

मडगांवकार

मावशी, गोंधळ कशाला होतोय, उलट तुमच्याकडे जास्तीची चावी आहे. सा ते कोमल रे मायनर सेकंड, सा ते रे मेजर सेकंड, कोमल ग मायनर थर्ड, ग मेजर थर्ड, म परफेक्ट फोर्थ, प परफेक्ट फिफ्थ, वरती कोमल ध, ध, कोमल नी, नी हे अनुक्रमे मायनर सिक्स्थ, मेजर सिक्स्थ, मायनर सेव्हन्थ, मेजर सेव्हन्थ. तीव्र म ला ट्रायटोन. एकदा कागदावर लिहून द्या. फक्त एक लक्षात ठेवा, टेस्टमधे दोन स्वर येतात तेव्हा त्यातला पहिला नेहमी सा धरायचाच असं नाही. रे ते म पण मायनर थर्डच आहे आणि ग ते प पण. मुलाला तसंही गायला लावा.

न्यूजर्सीची_मावशी

अगदी हेच होतं त्याचं! सा पासून विचारलं की सांगतो, मधूनच विचारलं की गडबडतो. आज करून बघते. धन्यवाद.

टवाळ_पुणेकर

आमच्या गिटारच्या मोकळ्या तारा छेडल्या की कुठलाच राग येत नाही, शेजाऱ्यांना मात्र येतो. चालू द्या.

नवशिक्या_नाशिक

लोल.

बरं रिपोर्ट देतो. एका तारेवर जमतंय. पण दुसऱ्या तारांवर तोच स्वर शोधताना वेगळाच त्रास होतोय. पहिली मोकळी ई वाजवली, तीच म्हणे तिसऱ्या तारेच्या नवव्या पट्टीवर पण आहे. मला तर ती खालची वाटते, ट्यूनर मात्र दोन्हीकडे ई दाखवतो. कान खराब आहे का माझा?

सहावी_तार

कान ठणठणीत आहे, फसवतोय तो आवाजाचा रंग. पहिल्या तारेचा मोकळा ई, दुसरीच्या पाचव्या पट्टीवरचा, तिसरीच्या नवव्यावरचा, चौथीच्या चौदाव्यावरचा, पाचवीच्या एकोणिसाव्यावरचा, सगळे एकाच उंचीचे, ३२९.६ हर्ट्झ. पण तार जाड झाली आणि वाजती लांबी कमी झाली की आवाज गोल आणि बुजल्यासारखा होतो, आणि नवीन माणूस त्याला 'खालचा' समजतो. चौथी आणि पाचवी वर बारीक तार गुंडाळलेल्या असतात त्यामुळे फरक अजून वाढतो.

उपाय असा की दोन तारा एकत्र वाजव. पहिली मोकळी आणि दुसरीची पाचवी पट्टी एका वेळी छेड आणि कान गिटारच्या लाकडाजवळ ने. थोडी जरी बेसूर असेल तर आवाज लाटांसारखा वर खाली होताना ऐकू येईल, वाँव वाँव वाँव. जुळत गेली की लाटा मंदावतात आणि थांबतात. मग पहिली आणि तिसरीची नववी तसंच. लाटा ऐकायला शिकलास की रंग फसवत नाही.

आणि मग गा. तो ई तोंडात धरून पाचही जागी वाजव. गळा हलत नाही ना बघ. गळा हलला नाही म्हणजे स्वर तोच. यानंतर चार्टवर पाच ठिकाणी ई लिहिलेलं वाचायची गरज राहत नाही, कारण पाचही घरं तू आतून बघितलेली असतात.

बेसवाला

+१, बीट्स, म्हणजे त्या लाटा, ऐकणं म्हणजेच ट्यूनिंग. फक्त हार्मोनिक्सने, पाचव्या आणि सातव्या पट्टीवर बोट न दाबता नुसतं टेकवून, तारा जुळवत असाल तर सांभाळा. ते नैसर्गिक प ने जुळतं, त्यामुळे सहावीवरून निघालात तर पाचवी दोन सेंट उतरते, चौथी चार, तिसरी सहा. लाटा एकदम बंद पण ई कॉर्ड वाजवला की तोंड वाकडं होतं. नवीन लोकांना वाटतं गिटार खराब.

मडगांवकार

तसंच तिसरी आणि दुसरी तार तानपुऱ्याच्या गोड ग वर जुळवली तरी होतं. जी कॉर्ड मधासारखा लागतो आणि ई कॉर्ड वाजवला की बी तार उतरलेली कळते. म्हणून ट्यूनिंग ट्यूनरने, कान कसरतीला. या बाबतीत मी षड्जपंचमजींच्या विरोधात.

षड्जपंचम

कॉर्ड वाजवायचे असतील तर तडजोड करावीच लागते, ते मला कळतं. मी फक्त म्हणतो तडजोड आहे हे मुलांना सांगा.

उशिरा_सूर

मी नोकरीतून निवृत्त, आत्ताच सुरुवात केली आहे. लहानपणी गाण्याच्या बाईंनी 'तुला कान नाही' म्हणून घरी पाठवलं होतं, तेव्हापासून गायची भीती बसली आहे. गाणं न म्हणता ही पद्धत जमेल का? नुसतं मनात म्हटलं तर?

सहावी_तार

काका (की काकू?), गाणी ओळखता ना, नुसत्या सुरुवातीच्या म्युझिकवरून? मग कान आहे, गळ्याला वळण नाही एवढंच, त्या दोन गोष्टी वेगळ्या.

मनात म्हटलेलं चालतं पण सुरुवातीला नको, कारण मनातला स्वर चुकला तर पकडायला कुणी नसतं. शिट्टी येते का? शिट्टीने करा. नाहीतर तोंड मिटून नुसतं म्म्म. आणि पहिले काही दिवस फक्त सा, प आणि वरचा सा. शून्य, सात, बारा. तानपुरा चालू असताना हे तीन स्वर जुळले की अंगाला कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. ते पक्कं झाल्यावर ग घ्या. रे आणि ध सगळ्यात शेवटी, ते पटकन हलतात.

जॉर्ज बेन्सन सोलो वाजवताना तोच सोलो तोंडाने पण गात असतो, ऐकून बघा. आपल्याला तेवढं कुठे करायचंय, पण दिशा तीच.

उशिरा_सूर

काकूच. :) शिट्टी येते, आमच्या वेळी मुलींनी वाजवायची नसायची एवढंच. आता कोण बोलणार आहे.

टवाळ_पुणेकर

काकू रॉक्स. एक सीरियस प्रश्न आता माझाही. कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावला की हे सगळं बोंबलतं का? मी गाण्यांना सर्रास दुसऱ्या पट्टीवर कॅपो लावतो.

सहावी_तार

काही नाही बोंबलत, उलट सोपं होतं. दुसरीवर कॅपो म्हणजे सगळ्या तारा दोन पट्ट्या वर, तानपुरा पांढरी पाचवरून पांढरी सहावर न्यायचा, सा परत तिसऱ्या मोकळ्या तारेवर. तिसरीवर लावला तर काळी पाच, चौथीवर पांढरी सात. बायका गातात त्या काळी चारला गायचं असेल तर पहिलीवर. फक्त मानेवरचे ठिपके तीन, पाच, सात, नऊ आता खोटे बोलायला लागतात, सातव्याचा प कॅपोनंतर नवव्या ठिपक्यावर जातो. ज्याने ठिपके बघून पाठ केलंय तो तिथे अडकतो.

मडगांवकार

आणि बँडला सांगताना 'मी जी वाजवतोय' म्हणू नका कॅपो लावून, कीबोर्डवाल्याला ए सांगा. नाहीतर पहिल्या बारला तोंडावर आपटाल सगळे.

टवाळ_पुणेकर

नोटेड. आमचा कीबोर्डवाला ट्रान्सपोज (स्वर आपोआप वरखाली करणारं) बटण दाबून बसलेला असतो, त्याला काहीही सांगितलं तरी तो सीच वाजवतो.